लक्षद्वीपच्या जहाजावर जाताना स्नॉर्केलिंगचं सामान स्वतःचं न्यावं का?

सुवर्णा_सांगली

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही तिघं लक्षद्वीपला निघालोय. मी, आमचे हे आणि ११ वर्षांचा मुलगा. कोचीहून जहाज, पाच दिवस, कवरत्ती-कल्पेनी-मिनिकॉय. दिवसभर बेटावर आणि रात्री झोपायला परत जहाजावर. कोचीपर्यंत मिरजेहून रेल्वेने जाणार, त्यामुळे विमानाच्या वजनाचा प्रश्न नाही, पण जे नेऊ ते आपल्याच खांद्यावर.

स्नॉर्केलिंगचं सामान तिथे मिळतं, हे माहीत आहे. तरी विचारतेय, कारण मागच्या वर्षी एका किनाऱ्यावर (नाव सांगत नाही) आम्ही पहिल्यांदा स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं) केलं. ह्यांना दिलेल्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. दोनदा बदलून दिला, तरी तेच. त्यात चष्मा काढलेला, म्हणजे पाणी नसतं तरी काही दिसलं नसतं. नाकात खारं पाणी गेलं, ठसका लागला आणि पाच मिनिटांत ते होडीत येऊन बसले. मी आणि मुलगा पाऊण तास मासे बघत होतो. "तुम्ही बघा, मी कपडे सांभाळतो," असं ते हसून म्हणाले, पण मला ते अजून लागून राहिलंय. ह्या वेळी त्यांना प्रवाळ दिसायलाच हवेत.

त्यांचा नंबर उजवा उणे ४.२५, डावा उणे ३.७५, दोन्हीला थोडा सिलिंडर (तिरपा नंबर). वय ४६, गोळ्या-औषधं काही नाहीत. भरघोस मिशी आहे. मुलगा क्लबात नीट पोहतो, मला जेमतेम २५ मीटर जमतं.

ऑनलाइन बघितलं तर मास्क, नळी आणि फिन्सचा (पायात घालायच्या रबरी पात्यांचा) सेट दीड हजारात दिसतो. पूर्ण चेहरा झाकणारा मास्कही दिसतो, त्यात नाकानेच श्वास घेता येतो म्हणे. मुलगा म्हणतो, माझा पोहण्याचा गॉगल आहे, मला काही नको. काय घ्यावं, काय तिथलं वापरावं आणि जहाजावर ओलं सामान सांभाळायचं कसं?

अलका_रत्नागिरी

सुवर्णा, तुझं लिहिणं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी ५२ व्या वर्षी स्नॉर्केलिंग शिकले, आता ६१ पूर्ण आहेत. तू म्हणतेस तेच जहाज मी दोनदा केलंय.

आधी एकच सांगते, बाकी विसरलीस तरी चालेल. मास्क प्रत्येकाचा स्वतःचा घ्या. नळी घेतलीत तर उत्तम. फिन्स ह्या सहलीला नकोत. लाइफ जॅकेट तिथलंच घ्या.

मास्कमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा मास्क फुटका असतो म्हणून नाही, तो त्या चेहऱ्याचा नसतो म्हणून. गालाची हाडं, नाकाचा उंचवटा, कपाळाचा उतार हे सगळं प्रत्येकाचं वेगळं. तुझ्या मिस्टरांना दोनदा बदलून दिले म्हणतेस, ते दोन्ही एकाच साच्याचे असणार. भाड्याच्या पेटीत सगळे एकाच मापाचे असतात.

म्हणून दुकानात जाऊनच घ्या. सांगलीत नसेल तर पुण्याला जाणं होईल तेव्हा घ्या, पण तोंडाला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. बघायची पद्धत अशी: पट्टा डोक्यामागे घालायचा नाही, काचेच्या पुढे सोडून द्यायचा. मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, एकही केस कडेखाली येऊ द्यायचा नाही आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढून धरायचा. हात काढला तरी मास्क चिकटून राहिला पाहिजे. मान थोडी खाली घालून मनात दहा आकडे मोजा. कुठून सूं सूं हवा आली तर ठेवून द्या आणि दुसरा उचला. मी सात मास्क लावून बघितले तेव्हा आठवा बसला. दुकानातला मुलगा कंटाळला होता, पण मी हलले नाही. मग तोंडात नळी धरून पुन्हा एकदा बघायचं, कारण नळी धरली की ओठ आणि गाल हलतात आणि बसलेला मास्कही सुटू शकतो. नाकाचा कप्पा बाहेरून चिमटीत धरता येतो का तेही बघा.

काच टेम्पर्ड (तापवून कणखर केलेली) असावी, कडेवर तसं लिहिलेलं असतं. कड सिलिकॉनची असावी, मऊ आणि दुहेरी. दीड हजाराच्या सेटमध्ये बऱ्याचदा प्लॅस्टिकची काच आणि कडक कड येते. त्यापेक्षा त्याच पैशांत फक्त एक चांगला मास्क घ्या, फिन्स सोडा.

मुलाला गॉगल घालून पाठवू नकोस. गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. नळीतून श्वास घेताना नाक उघडं असलं की सवयीने नाकानेही ओढलं जातं आणि पाणी आत. शिवाय दोन-तीन मीटर खाली बुडी मारली की पाण्याचा दाब गॉगल डोळ्यांवर दाबतो. मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडली की तो दाब सैल होतो, गॉगलमध्ये ती सोय नाही. त्याला लहान चेहऱ्याचा मास्क आणि मुलांची बारीक नळी घे. मोठ्यांची नळी मुलांना नको, कारण आपण सोडलेल्या श्वासातला काही भाग नळीतच उरतो आणि तोच पुन्हा आत जातो. लहान छातीला तो जास्त पडतो. ह्याच कारणाने नळीला जोड देऊन लांब करायचा प्रयोग मुलगे करतात, तो अजिबात करू देऊ नकोस.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे, मी घेणार नाही. साध्या नळीत काही बिघडलं तर ती तोंडातून थुंकून टाकता येते, क्षणात तोंड मोकळं. त्या मास्कमध्ये घाबरल्यावर सगळंच डोक्यावरून ओढून काढावं लागतं. नाक चिमटीत धरता येत नाही म्हणून बुडीही मारता येत नाही. आणि तो चष्म्याच्या नंबरात सहज मिळत नाही. तुमच्या घरात तर तेच मुख्य आहे.

माझ्या मिस्टरांना रक्तदाब आहे, म्हणून मी ह्या बाबतीत वाचत असते. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा तिथे अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये अहवाल आला. नळीतून श्वास ओढायला लागणारा जोर, हृदयाचं जुनं दुखणं आणि पाण्यातली दमछाक एकत्र आली की फुप्फुसांत झपाट्याने पाणी साचू शकतं, असा त्याचा रोख आहे. माणूस फारशी धडपडही करत नाही, म्हणून बाजूच्यांना कळत नाही. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. धाप लागल्यासारखी वाटली की लगेच उताणं व्हायचं, नळी काढायची, हात वर करायचा आणि होडीत यायचं. "बघू थोडा वेळ" असं करायचं नाही. नळी निवडतानाही मी तोंडात धरून दुकानातच पाच मिनिटं श्वास घेऊन बघते. ओढायला जोर लागला तर नको. सगळ्यात महाग नळी सगळ्यात सोपी असतेच असं नाही. वरून पाणी आत येऊ नये म्हणून झडप असलेली ड्राय नळी नवख्याला धीर देते, फक्त ती झडप अडकत नाही ना ते हलवून बघ. खाली पाणी बाहेर टाकायची झडप असावी, फुंकर मारली की पाणी निघून जातं.

फिन्स का नकोत? लक्षद्वीपची बेटं प्रवाळांच्या कड्यात आहेत. आपण उतरतो ते आतल्या लगूनमध्ये. तिथे लाटा नाहीत, पाणी कमरेइतकं ते दोन-तीन पुरुष. लाइफ जॅकेट घालून तरंगायचं, घाई करायची नाही. नवख्या माणसाच्या पायात फिन्स असल्या की मागे काय तुटतंय ते त्याला कळत नाही. फिनचा एक फटका आणि प्रवाळाची फांदी गेली. १९९८, २०१० आणि २०१६ ला समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०२४ ला पुन्हा तेच झालं. जे उरलंय ते सावरतंय. त्याच्यावर आपले पाय पडायला नकोत. फिन्सऐवजी पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट घ्या, चारपाचशेत मिळतात. किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे पसरलेले असतात, विशेषतः कल्पेनीला. अनवाणी पाय कापतात.

आता जहाज. जहाज लगूनमध्ये येत नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या बाजूच्या दारातून छोट्या होडीत उतरावं लागतं आणि ती होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही दंड धरून बरोबर वेळ साधून घेतात, घाबरायचं कारण नाही. पण तुझे दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून हातात पिशवी नको, प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक. सगळं सामान त्यात मावलं पाहिजे. फिन्स न्यायच्या नाहीत, ह्याचं हेही एक कारण.

माझ्या सॅकमध्ये तळाला जाळीची पिशवी असते. त्यात मास्क त्याच्या कडक डब्यात, नळी उभी, बूट. वर कोरडे कपडे आणि टॉवेल. मास्क डब्याशिवाय कधी ठेवू नकोस, कड दाबली गेली की वाकडी बसते आणि मग ती पाणी सोडते. पारदर्शक कडेला काळं रबर चिकटून ठेवलं तर कडेवर डाग उतरतो, म्हणून बूट वेगळ्या पिशवीत. रेल्वेतही मास्क बर्थखालच्या बॅगेत नको, जवळच्या सॅकमध्ये ठेव.

संध्याकाळी केबिनमध्ये आल्यावर आधी सामानाची आंघोळ, मग आपली. बादलीत गोडं पाणी, मास्क आणि नळी दहा मिनिटं बुडवून ठेवायची. झडपेत वाळूचा एक कण राहिला तरी दुसऱ्या दिवशी नळी गळते. वाळवायला मी चार मीटर नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे आणि चार लोहचुंबकाचे हुक नेते. जहाजाच्या केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, हुक झटकन चिकटतात. एअर कंडिशनरच्या झोतासमोर सकाळपर्यंत सगळं कोरडं होतं. पोर्टहोलजवळ उन्हात ठेवू नकोस.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून येताना सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर कितीही काही करा, धुकं धरतंच. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, आतल्या बाजूने बोटाने दोन-तीन मिनिटं चोळायची आणि धुवायचं. असं तीन-चारदा. मग पाण्यात उतरायच्या आधी थुंकी चोळून विसळायची, किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून. मी शाम्पू डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेते.

केसांची वेणी मानेजवळ खाली बांध, उंच नको, पट्टा वर सरकतो. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि घोट्यापर्यंत लेगिंग. पाठ आणि पोटऱ्या पाण्यातही भाजतात. अंग झाकलं की क्रीम चेहऱ्याला आणि हातांनाच लागतं, तेवढं कमी समुद्रात जातं. गावातून फिरतानाही ते बरं दिसतं, तिथली माणसं साधी आहेत, आपण त्यांचा मान ठेवावा.

आणि मुलाला आत्ताच सांग, एकही प्रवाळ उचलायचा नाही, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. सामान तपासतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मिशीचं कोणी जाणकाराने सांगा, आमच्याकडे मिशी नाही.

दृष्टी_पुणे

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चष्म्यापुरतं सांगतो.

दोन काचांचा मास्क घ्या, एकसंध काचेचा नको. दोन काचांच्या कित्येक मास्कमध्ये कंपनीच्याच नंबरच्या तयार काचा बसतात, डावी-उजवी वेगवेगळी मिळते. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने येतात, उणे ४, उणे ४.५, उणे ५ अशा. सिलिंडर त्यात नसतो, म्हणून सिलिंडरचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवायचा. समजा उजव्याला उणे ४.२५ आणि सिलिंडर उणे ०.७५ असेल, तर उणे ४.६२ च्या आसपास येतं. घ्या उणे ४.५. डाव्याला उणे ३.७५ आणि सिलिंडर उणे ०.५० असेल तर बरोबर उणे ४. दोन टप्प्यांच्या मधे अडलात तर कमी नंबर घ्या. पाण्यात सपाट काचेतून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते, त्यामुळे थोडा कमी नंबर जाणवत नाही.

तुमचा सिलिंडर किती ते चष्म्याच्या कागदावर बघा. दीडच्या पुढे असेल तर मला इथे लिहा.

काहीजण मास्कखाली कॉन्टॅक्ट लेन्स घालतात. समुद्राच्या किंवा तलावाच्या पाण्यात लेन्स भिजली तर डोळ्याला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. मी माझ्या पेशंटना नको म्हणतो. मास्कच्या आत चष्मा घालायचा प्रयत्नही करू नका, काडीखालून पाणी येणारच.

दर्यावर्दी

मी मालवणचा, पर्यटकांना पाण्यात नेणं हेच माझं काम.

मिशी पूर्ण काढायची गरज नाही. नाकाच्या अगदी खाली जिथे मास्कची कड टेकते, तेवढी बोटाच्या अर्ध्या रुंदीची पट्टी वस्तऱ्याने साफ करायची. खालची मिशी तशीच राहू द्या. मोकळ्या कातडीला कड टेकली की काम झालं. वर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं तर आणखी बरं. व्हॅसलीन लावू नका, रबर खराब होतं.

दुसरी चूक सगळेच करतात. मास्क गळतोय म्हणून पट्टा घट्ट आवळतात. आवळला की कड दुमडते आणि जास्त गळतं. पट्टा सैल, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. पाणी दाब देतंच.

मास्कमध्ये थोडं पाणी आलं तर वर यायची गरज नाही. वरची कड कपाळावर दाबायची, मान किंचित वर आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून जातं. हे तुमच्या मिस्टरांना आधी शिकवा. ठसका लागला तो पाण्यापेक्षा गडबडल्यामुळे लागला असणार. सांगलीहून मालवण काही फार लांब नाही, डिसेंबर-जानेवारीत इथलं पाणी निवळ असतं. जहाजाच्या आधी एक रविवार सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात सामान वापरून बघा. नाही जमलं तर तरणतलाव आहेच.

ह्यूस्टनवासी

अलकाताई, सगळं पटलं, फक्त फिन्सबद्दल इतर वाचकांसाठी. आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून कॅरिबियन क्रूझला जातो. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला समुद्राला ओढ असते, होडी एका जागी सोडते आणि प्रवाहाबरोबर वाहत पुढे दुसरीकडे उचलते. तिथे फिन्सशिवाय उतरू नये. होंडुरासच्या रोआतान बेटावर वेस्ट बे किनाऱ्यावरून पोहत थेट प्रवाळाच्या भिंतीपर्यंत जाता येतं, परतताना पायांना फिन्सचा आधार लागतो. त्यासाठी लहान पात्याच्या प्रवासी फिन्स मिळतात, त्या केबिन बॅगेत मावतात, पूर्ण लांबीच्या मावत नाहीत. फिन्समध्ये पाय घालायच्या पोकळीत मोजे भरायचे, आकारही टिकतो. सुवर्णाताईंच्या लगूनला नकोत, हे बरोबर.

सुवर्णा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पुण्याला जाऊन आलो. ह्यांना पाचवा मास्क बसला. काळ्या कडेचा, दोन काचांचा. दृष्टी_पुणे, सिलिंडर तुम्ही धरलात तेवढाच निघाला, पाऊण आणि अर्धा. काचा मागवून घेतल्या, दहा दिवसांनी आल्या. मुलाचा दुसराच मास्क बसला. मला मात्र वेळ लागला, गाल रुंद आहेत. शेवटी मुलानेच एक शोधून दिला.

टूथपेस्टचं काम रविवारी अंगणात बसून तिघांनी मिळून केलं. मग आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढलं, पाणी भरलं आणि प्रत्येकाने त्यात तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायचा सराव केला. पहिल्या दिवशी ह्यांनी अर्ध्या मिनिटात मान वर काढली. चौथ्या दिवशी सहा मिनिटं. मुलगा घड्याळ लावून शेजारी उभा असायचा. मुद्दाम मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने बाहेर टाकायचंही जमलं, दर्यावर्दींनी सांगितलं तसं, कपाळावर दाबून.

काल क्लबाच्या तलावात उतरलो. मिशीची पट्टी काढलीय, घरच्यांशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी काठावर होते. हे पालथे तरंगत खोल बाजूपर्यंत गेले, परत आले, नळी काढली आणि म्हणाले, "तळाच्या फरशीवर कोणाची तरी हेअरपिन पडलीय." चष्म्याशिवाय ह्यांना समोरच्या माणसाचा चेहराही नीट दिसत नाही.

अलकाताई, दोरी, चिमटे आणि हुक घेतले. बूट सोमवारी येतील. एकच विचारायचं राहिलं, मिनिकॉयला उतरताना होडीत फार वेळ बसावं लागतं का? मला बोट लागते, गोळी किती आधी घ्यावी ते ठरवायचंय.

अलका_रत्नागिरी

वारा आणि लाट असेल तसं, पण जहाजावरची पहिली रात्रच जास्त हलवते. गोळी कोणती आणि किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घे. मी कोचीत जहाजावर चढण्याआधी तासभर घेते, आणि होडीत उतरायच्या सकाळी नाश्त्याला इडलीच खाते, तळलेलं काही नाही. होडीत मागच्या बाजूला बस, नजर बेटावरच्या माडांवर ठेव.

हेअरपिन दिसली म्हणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. मिनिकॉयच्या लगूनमध्ये वाळूवर निळे तारामासे असतात. त्यांना सांग, तळाकडे बघत हळूहळू तरंगा.